निघालाच समजा

सोमवार, ४

आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एका चहाच्या यंत्राने माझं अस्तित्व नाकारलं. घटनेची नोंद कुठेतरी असावी म्हणून ही वही पुन्हा उघडली आहे.

कारखान्यात माणसं फार चहा पितात, असा साहेबांना शोध लागला. साहेब म्हणजे मालक. त्यांना वर्षातून एक शोध लागतो आणि त्याचा त्रास आम्हाला वर्षभर पुरतो. आता यंत्राला अंगठा दाखवायचा, मग ते कप भरणार, दिवसातून दोनदा. माझा अंगठा त्याला दिसतच नाही. अठ्ठावीस वर्षं कापड चिमटीत धरून पारखल्यामुळे अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या असाव्यात. सुपरवायझरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना चहा मिळाला. मी, सप्लाय चेन प्रमुख, पाच वेळा अंगठा दाबून पाच वेळा 'ओळख पटली नाही' वाचून परत आले. माझ्या खात्यात मी आणि एक प्रिंटर एवढेच आहोत, त्यामुळे अपमान निम्माच झाला म्हणायचा.

बाकी बातमी: समुद्रापलीकडच्या दुकानदारांची ऑर्डर पक्की झाली. नऊ हजार शर्ट, प्रत्येकी नऊ बटणं. बटणांच्या रंगाचं नाव 'ओला दगड'. ज्याने हे नाव ठेवलं त्याला तो दगड फेकून मारावा. माल बावीस तारखेला संध्याकाळपर्यंत बंदरात आत गेला पाहिजे. नाही गेला तर विमानाने पाठवायचा, आपल्या खर्चाने. मग नफा सोडाच, आम्ही त्यांना शर्ट भेट दिले असं होईल.

बटणं धाकट्या दिराकडून घ्यायची, हा साहेबांचा हुकूम. "मॅडम, तुमच्या घरातच बटणवाला आहे की!" आहे. चार वर्षांपूर्वी भरल्या पंगतीत 'वहिनी स्वयंपाकघरातसुद्धा तक्ता लावतात' असं म्हणून सगळ्यांना हसवणारा तोच. तक्ता मी खरंच लावते, पण तो मुद्दा नव्हता.

मंगळवार, ५

भावजींकडून पाकीट आलं. पुठ्ठ्याच्या कार्डावर तीन बटणं शिवलेली, खाली अ, ब, क. सोबत चिठ्ठी: 'वहिनी, यातलं एक निवडून सही करून कार्ड परत पाठवा. मगच रंगवायला घेतो.'

तिन्ही मला सारखीच दिसली. धंदा यांचा, भट्टी यांची, आणि दगड किती ओला ते मी सांगायचं. माझ्या टेबलावर दोन ट्रे आहेत, 'आज' आणि 'बघू'. कार्ड 'बघू'मध्ये टाकलं. हातातली कामं आधी की भावजींचं भरतकाम आधी?

शुक्रवार, ८

रोज पाच वाजता माझा तक्ता पलीकडे जातो. कापड, दोरा, लेबलं, खोकी, बटणं, प्रत्येकाचा एक चौकोन. लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे वाटेत अडलंय, हिरवा म्हणजे माल निघाला. हा तक्ता माझी निर्मिती आहे. पलीकडून एकदा 'व्हेरी क्लिअर' असं उत्तर आलं होतं, त्याचा कागद मी जपून ठेवलाय.

आज पाचला दहा कमी असताना एकच चौकोन पिवळा उरला होता, बटणांचा. साहेब खुर्चीमागे उभे राहून माझ्या मानेवर श्वास सोडत होते. भावजींना फोन लावला.

"काय वहिनी, आज आमची आठवण?"

"बटणांचं काय झालं?"

"तयारीच आहे सगळी. तुमचं तेवढं कार्ड हातात पडलं की माल निघालाच समजा."

"म्हणजे निघाला?"

"निघालाच! ऐका, ते कार्ड—"

मला पुढचं ऐकायला वेळ नव्हता. फोन ठेवला, चौकोन हिरवा केला आणि शेजारी लिहिलं, 'डिस्पॅच्ड.' साहेब म्हणाले, "वा." अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी तिसऱ्यांदा ऐकला. पहिले दोन क्रिकेटला उद्देशून होते.

रविवार, १०

भावजींचे पाच मिस्ड कॉल. नवरा म्हणाला, "उचल की, काहीतरी काम असेल त्याचं."

"रविवारी मी कुणाची वहिनी नसते."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी वेळ नसतो."

तो काहीतरी पुटपुटत कपडे वाळत घालायला गेला. फार बोलत नाही, हा त्याचा एकमेव दोष आणि एकमेव गुण.

मंगळवार, १२

तिकडून इथे माल यायला दोन दिवस लागतात. आज चौथा. स्टोअरमध्ये गेले.

स्टोअर म्हणजे चिठ्ठीबाईंचं राज्य. एकोणीस वर्षं त्या स्टोअर सांभाळतात आणि चिठ्ठीशिवाय सुईसुद्धा देत नाहीत, साहेबांनाही नाही. चष्म्याला दोरी, कानामागे पेन, चेहऱ्यावर सगळ्या जगाने यांच्याकडून काहीतरी नेऊन परत केलेलं नाही असा भाव.

"बाई, बटणं आली?"

"आली असती तर वहीत असती."

"वही बघितलीत?"

"वही मीच लिहिते, मॅडम."

हे उत्तर झालं का? गेटवर काय येतं त्याची आवक-वही त्यांच्याच हातात, म्हणजे त्या म्हणतील तेच खरं. तक्त्यात मात्र स्वच्छ हिरवं आहे.

बुधवार, १३

आली नाहीत.

गुरुवार, १४

साहेबांनी बोलावलं. शिवणाच्या तिन्ही लाइनी शर्ट ओकतायत आणि सगळे शर्ट छाती उघडी टाकून पडलेत.

"बटणं कुठायत?"

मी तक्ता दाखवला. "आठ तारखेला निघाली, साहेब."

"मग गेली कुठे?"

"निघाली एवढं माझं काम. गेटच्या आतलं स्टोअर बघतं." थोडं थांबून म्हटलं, "मी कुणावर संशय घेत नाही."

खरोखरच घेत नव्हते. पण हे वाक्य असं आहे की म्हणताक्षणी समोरचा घ्यायला लागतो. साहेबांनी चिठ्ठीबाईंना वर बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं: अख्खं स्टोअर मोजा. दोन खोकी बटणं सापडली तर ठीक, नाहीतर बावीसची गडबड संपली की तुम्ही घरी.

बाई म्हणाल्या, "जे आलंच नाही ते सापडेल कुठून?"

"मॅडमच्या तक्त्यात आलंय."

"तक्त्यात ठेवलं असेल, तर तक्त्यात शोधा."

साहेब भडकले. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

शुक्रवार, १५

बाई मोजतायत. दोऱ्याच्या रिळांपासून सुरुवात. संध्याकाळी गेटवर वॉचमनने त्यांचा डबा उघडून बघितला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मागे चाळीस बायांची रांग होती. धागे कापणाऱ्या बायांपैकी एक मोठ्याने म्हणाली, "नीट बघ रे बाबा, भाजीत बटणं असतील!" सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण दोनदा लावलं, पहिल्यांदा बसलं नाही.

मी गाडीत होते. मला उशीर होत होता.

शनिवार, १६

ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर मिळाला की विषय मिटेल, म्हणून भावजींना फोन केला. सगळं संभाषण जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते अजून पटत नाही.

"कसल्या पावतीचा नंबर, वहिनी?"

"तुम्ही पाठवलेल्या बटणांच्या."

"मी कुठे पाठवली?"

"आठ तारखेला तुम्ही मला म्हणालात, निघाला."

"निघालाच म्हणालो. निघाला नाही म्हणालो."

"फरक काय?"

मग म्हणाले, "वहिनी, दादा जेवायला हाक मारतो तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"आलेच म्हणते."

"आणि किती वेळाने येता?"

मी 'बघू'चा ट्रे पुढे ओढला.

"तुम्ही आल्या असतात तर 'आले' म्हणाल्या असतात. 'च' लागला म्हणजे माणूस अजून जागेवरच आहे. अहो, अख्खा बाजार यावर चालतो! झालंच म्हणजे झालेलं नाही. पोचलोच म्हणजे अजून घरी आहे. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"मग फोन का नाही केलात?"

"नऊ केले. नवव्यानंतर मला वाटलं, तुमच्या तक्त्यात माझा चौकोन नसेल."

'बघू'च्या ट्रेमध्ये कार्ड मिळालं, साबणाच्या जाहिरातीखाली. अ, ब, क. उजेडात धरल्यावर तिन्ही स्पष्ट वेगळी दिसली. 'ब' ओल्या दगडासारखं होतं. सही करून फोटो पाठवला.

"रंगवायला तीन दिवस," भावजी म्हणाले. "मंगळवारी दुपारी स्वतः घेऊन येतो. ट्रान्सपोर्टवर नाही सोडत." मग म्हणाले, "हे 'येतो' आहे हं वहिनी, 'आलोच' नाही."

खाली चिठ्ठीबाई झिपच्या चेनी मोजत होत्या. गठ्ठ्यांमध्ये बांधलेल्या, वीस हजारांच्या वर आहेत.

रविवार, १७

नवऱ्याला सांगितलं. तो कांदा चिरत होता.

"मग काल साहेबांना सांगितलंस ना?"

"मंगळवारी बटणं येतायत. आली की आपोआप मिटेल."

"त्या बाईंचं?"

"स्टोअरची मोजणी कधीतरी व्हायलाच हवी होती. दहा वर्षं झाली नव्हती."

तो म्हणाला, "हे तू मला सांगतेयस की स्वतःला?"

"तू आणि तुझा भाऊ दोघं मिळून माझं व्याकरण तपासा आता."

"व्याकरण नाही गं," तो म्हणाला आणि दुसरा कांदा घेतला. कांद्याने डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून मी बाहेर येऊन बसले.

मंगळवार, १९

आजच्या दिवसाबद्दल माझं माझ्याशीच नीट बोलणं झालेलं नाही, त्यामुळे क्रमाने लिहिते.

दुपारी एकला भावजी आले. बसमध्ये दोन सीट घेऊन एकीवर खोकी बसवून आणली होती. शर्टाला घामाचे पांढरे पट्टे. गेटवरच मी त्यांना बाजूला घेतलं.

"चलनावर तारीख काय घातलीय?"

"आजची. एकोणीस."

"आठ करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीचं दात काढणं नव्हतं. "वहिनी, तुम्ही सांगाल तो रंग बटणाला लावीन. तारखेला नाही लावत."

"घरचं माणूस म्हणून सांगतेय."

"घरचं माणूस म्हणूनच बसने आणली." मग ते खोकी उचलून स्वतःच स्टोअरकडे चालू लागले.

चिठ्ठीबाईंनी चलन वाचलं. दोरीवरचा चष्मा नाकावर सरकवून पुन्हा वाचलं. "एकोणीस. म्हणजे हरवलेला माल आज जन्मला." बाईंनी आवक-वहीत आजच्या तारखेला नोंद केली आणि एक एक पिशवी वजनकाट्यावर ठेवायला लागल्या. माझ्याकडे एकदाच बघितलं. तो कटाक्ष मी घरी घेऊन आलेय, कुठे ठेवावा कळत नाही.

मला वाटलं, आता साहेबांना सगळं कळणार. पण साहेबांचं डोकं वेगळंच चालतं. ते धावत खाली आले, खोकी बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा! पहिला माल स्टोअरने घालवला, तर मॅडमनी स्वतःच्या दिराला कामाला लावून दुसरा आणवला. याला म्हणतात सप्लाय चेन!"

चौथ्यांदा 'वा'.

भावजी माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हटलं, "पाणी घ्या भावजी." ते न घेता गेले.

म्हणजे आता बाईंनी नुसता घोळ नाही, चोरी केली. शनिवारी त्या घरी.

गुरुवार, २१

बटणं लागतायत. आठ मशिनी, दोन पाळ्या. मशीनचा आवाज रात्री उशीतून येतो.

पलीकडच्यांचा तपासनीस आलाय. प्रत्येक शर्टाकडे, शर्टाने त्याच्याकडून उधार घेतल्यासारखं बघतो. त्याला चाचणीसाठी आठ सुटी बटणं हवी होती, लगेच. उकळून, ओढून, फोडून बघणार. मी स्टोअरमध्ये शिरले आणि पिशवीत हात घातला.

"चिठ्ठी?" बाई म्हणाल्या.

"आठ बटणं आहेत बाई! तपासनीस वर उभा आहे."

"चिठ्ठी."

"नंतर देते."

त्यांनी कानामागचं पेन काढलं. मी दारातून बाहेर पडेपर्यंत मोठ्याने उच्चारत लिहीत होत्या: "मॅडम. बटण. आठ नग. चिठ्ठी नाही. येणे."

"बाई, परवा तुम्ही जाणार. आता कशाला हे?"

"परवापर्यंत आहे ना? परवापर्यंत लिहिणार."

चाचणी पास झाली. आठही बटणांचे तुकडे तपासनिसाने कचऱ्यात टाकले.

शुक्रवार, २२

सव्वाचारला कंटेनर गेटबाहेर पडला. सहाला बंदरावरून फोन आला, आत गेला. लोक नाचायचे बाकी होते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुशीत होते. "मॅडम, एक छोटं काम. स्टोअरवालीला द्यायचं पत्र लिहून काढा. तुमची भाषा चांगली आहे. उद्या कोणी कोर्टात गेलं तरी हलणार नाही असं."

टेबलावर येऊन बसले. भाषा चांगली आहेच. सरसर लिहिलं: 'आपल्या ताब्यातील दोन खोकी बटणे गहाळ झाली. चौकशीअंती आपली जबाबदारी सिद्ध झालीच आहे.'

आणि पेन थांबलं.

झालीच.

मी 'च' खोडला. 'सिद्ध झाली आहे' आणखी वाईट दिसलं. 'च' परत लिहिला. चौकशी केलीच नव्हती कुणी. दोन खोकी कधी निघालीच नव्हती. आता 'च' मला सगळीकडे दिसायला लागला, आणि एकाही ठिकाणी तो खात्रीचा नव्हता. कागद फाडला. दुसरा घेतला, तो कोराच राहिला. भिंतीपलीकडून वजनकाट्याचा आवाज येत होता. बाई उरलेली बटणं मोजून, वजन करून, जाण्याआधी हिशोब लावून ठेवत होत्या. ज्याने कामावरून काढलं त्याच्यासाठी.

साहेबांकडे परत गेले.

"झालं पत्र?"

"नाही. पहिला माल आलाच नव्हता."

"म्हणजे?"

"निघाला नव्हता. कार्डावर माझी सही हवी होती, ते सोळा तारखेपर्यंत, अकरा दिवस माझ्या टेबलावर होतं. चौकोन मी हिरवा केला."

साहेबांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणि त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असतो. "पलीकडे तुम्ही खोटं हिरवं पाठवलंत?"

"मला खरं वाटलं होतं."

"आठ तारखेला. आणि सोळापासून?"

मी तो कोरा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. अठ्ठावीस वर्षांत कोरा कागद देण्याची ही पहिलीच वेळ.

"तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहून त्या बाईचा डबा उघडायला लावलात!"

"डबा तुम्ही उघडायला लावलात, साहेब. मी फक्त गप्प बसले."

"गेट आऊट."

बाहेर पडताना ते म्हणाले, सोमवारपासून तक्त्यात एकही चौकोन स्टोअरच्या सहीशिवाय हिरवा होणार नाही. आणि प्रमुख वगैरे पाटी काढून ठेवा. पाटी तशी स्क्रूने बसवलेली आहे, दहा मिनिटांचं काम.

मी माफी मागितली असं इथे लिहिणार नाही, कारण मागितली नाही. फक्त काय घडलं ते सांगितलं.

शनिवार, २३

बाई कामावर आल्या. साहेबांनी त्यांना वर बोलावून सांगितलं म्हणे. काय म्हणाले माहीत नाही. जिन्यात समोरासमोर आलो. मी बाजूला झाले. त्या थांबल्या.

"डबा बायांच्या रांगेसमोर बघितला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. "सांगितलं केबिनमध्ये."

आणि खाली गेल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत धागे कापणाऱ्या बायांच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं, चूक माझी होती. आवाज चढलेला होता, भांडायला आल्यासारखा. एक जण म्हणाली, "आम्हाला माहीतच होतं मॅडम." हा 'च' मात्र पक्का होता.

रविवार, २४

नवऱ्याबरोबर भावजींच्या कारखान्यावर गेले. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी, आणि अंगभर रंग उडालेले भावजी.

"आठ बटणं पाहिजेत. 'ब'. विकत."

"आठ?" त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डब्यातून मोजून हातावर ठेवली. "एक जास्त घ्या वहिनी."

"नको. आठच."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी ते डब्याखाली सरकवून आले. निघताना म्हणाले, "चहा?"

"घेते," मी म्हटलं, आणि बसले.

सोमवार, २५

सकाळी कुणी यायच्या आत स्टोअरमध्ये गेले. बाई आलेल्या होत्या. मी चिठ्ठी ठेवली, तिच्यावर आठ बटणं ठेवली.

त्यांनी चिठ्ठी वाचली. बटणं एक एक करून बोटाने सरकवत मोजली. मग सगळी गोळा करून पुन्हा मोजली. एक उचलून उजेडात धरलं, पिशवीतल्या बटणाशी ताडून बघितलं. मी उभीच होते, बसा कुणी म्हटलं नाही.

वही काढली. एकवीस तारखेचं पान उघडलं. माझ्या नावापुढच्या 'येणे'वर एक आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली.

"सही."

"तारीख त्या दिवशीची घालू?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

मी आजची घातली.